‘टीपी’ असा शेरा मारलेले फोन : इस्टेट एजंटांना खुलं पत्र

समस्त इस्टेट एजंट मंडळींनो,

सप्रेम नमस्कार.

मी तुमच्यातलीच. नऊ वर्षं एका एजन्सीत फोनवर बसले. साईट दाखवणं, टोकन घेणं, क्लोजिंग म्हणजे व्यवहार पुरा करणं ही कामं इतरांची. माझ्या वाट्याला फोनची घंटी. फोनशेजारी एक लांबडी वही असायची. तारीख, नाव, नंबर, काय हवंय आणि अगदी शेवटी एक अरुंद रकाना : शेरा. त्या रकान्यासाठी चारच शब्द ठरलेले होते. गरम, कोमट, थंड, टीपी. पहिल्याच दिवशी साहेबांनी शिकवलं, की समोरच्याला तीन गोष्टी विचारायच्या. बजेट किती, पैशांची सोय झालीय का, कधीपर्यंत घ्यायचंय. तिन्हींची उत्तरं धडाधड आली तर पार्टी गरम. एक अडलं तर कोमट, दोन अडली तर थंड. आणि ‘तसं नाही हो, मला नुसतं विचारायचं होतं’ असं कोणी म्हणालं की टीपी. टाइमपास. ठेवा फोन, घ्या पुढचा.

मी यात फार लवकर तरबेज झाले. चाळीस सेकंदांत माणूस कुठल्या शब्दात बसतो ते मला कळायचं, आणि ऑफिसात त्याचं कौतुकही व्हायचं. नव्या मुलींना माझ्या शेजारी बसवायचे, ‘बघा, ताई कसे कॉल कापतात’ म्हणून.

एकदा एका बाईंचा फोन आला. भाड्याच्या घराची आमची जाहिरात त्यांनी बघितली होती. मी बजेटवर यायच्या आतच त्यांनी विचारलं, “बाथरूमचं दार किती रुंद आहे?” मी रिसीव्हरवर हात ठेवला आणि शेजारच्या सहकाऱ्याला विचारलं. तो म्हणाला, “का? दार विकत घ्यायचंय का त्यांना?” आम्ही दोघंही हसलो. मग मी फोनवर सांगितलं, असतं तेवढंच आहे, नॉर्मल. त्या म्हणाल्या, “नॉर्मल म्हणजे किती इंच? माझ्या वडिलांची व्हीलचेअर सव्वीस इंच आहे.”

त्या दिवशी ऑफिसात काम कमी होतं म्हणून, नाहीतर मी तोही फोन कापला असता. घराची चावी आमच्याकडेच होती. ऑफिसातला मुलगा मेजरिंग टेप घेऊन गेला आणि तिथून त्यानं कळवलं, चौकटीच्या आतून चोवीस इंच. दार उघडं ठेवलं की त्याची जाडी आत येते, म्हणजे त्याहून कमी. मी बाईंना ते सांगितलं. त्या म्हणाल्या, “आतापर्यंत सात ठिकाणी फोन केले. माप सांगणाऱ्या तुम्ही पहिल्या.” घर त्यांच्या कामाचं नव्हतं. व्यवहार झाला नाही, दलाली मिळाली नाही. पण व्हीलचेअरवरच्या म्हाताऱ्या माणसाचा एक हेलपाटा वाचला.

अमेरिकेत अपंगांच्या सोयीसाठी जे बांधकामाचे नियम आहेत त्यांत दाराची मोकळी रुंदी किमान ३२ इंच धरलेली आहे, हे मला कितीतरी नंतर कळलं. तोवर आमच्या यादीत प्रत्येक घराची फरशी कसली, खिडकीतून काय दिसतं, नळ कुठल्या कंपनीचे हे सगळं होतं. दाराचं माप नव्हतं. रस्त्यापासून लिफ्टपर्यंत पायऱ्या किती, जिन्याच्या वळणावरून पलंग वर जाईल का, हे नव्हतं. या प्रश्नांचे रकाने आम्ही त्यानंतर वाढवले, आणि त्यांतला एकही रकाना कुठल्या गरम पार्टीनं सुचवलेला नव्हता. गरम पार्टी भाव पाडून मागते. घरात राहायचं कसं याबद्दलचे खरे प्रश्न अडलेली माणसं विचारतात.

आता तुम्ही म्हणाल, की कळलं. प्रत्येक फोनमागे गिऱ्हाईक दडलेलं असतं. तसं मी म्हणत नाहीये. आपल्या धंद्यात प्रत्येक नव्या पोराला एक गोष्ट सांगितली जाते. मळक्या कपड्यांतला माणूस येतो, कोणी विचारत नाही, एक नवखा मुलगा त्याला आदरानं बसवतो, आणि तो माणूस अख्खा मजला घेऊन जातो. मला ही गोष्ट आवडत नाही. तिचं तात्पर्य एवढंच, की नीट बघा, याच्याही खिशात पैसे असतील. माझं हे पत्र ज्याच्या खिशात खरंच पैसे नाहीत त्याच्याबद्दल आहे. तो आज घर घेणार नाही, उद्याही बहुधा नाही. तरी त्यानं तुमचा नंबर फिरवलाय. का?

कारण विचारायला दुसरं कोणी नाही. वकील आहे, पण वकिलाकडे जायला आधी आपली अडचण काय आहे हे तरी माहीत असावं लागतं. बँकवाले कर्जापुरतं बोलतात. नातेवाईक स्वतःच्या एका घराच्या अनुभवावर छातीठोक सल्ला देतात. सामान्य माणूस आयुष्यात एकदा, फार तर दोनदा घर घेतो किंवा विकतो. तुम्ही वर्षभर तेच करता. ज्या करारासमोर तो रात्रभर जागतो, तसले करार तुम्ही जेवता जेवता चाळता. आणि तुमचा नंबर तर चौकाचौकातल्या फलकावर, प्रत्येक जाहिरातीखाली, ठळक अक्षरांत. फोन करा म्हणून तुम्हीच सांगितलंय.

फोन केल्यावर माणूस किंमत विचारतो, कारण घराबद्दल विचारायचा तोच एक प्रश्न त्याला येत असतो. एका गृहस्थांनी मला विचारलं होतं, “आमच्या भागात सध्या भाव काय चाललाय?” वहीच्या हिशेबानं हा चोख टीपी. भाव विचारणारे शंभर असतात. पण ते लगेच ठेवेनात. दोन मिनिटं इकडचं तिकडचं झाल्यावर बाहेर आलं, की वडील गेले, घर तीन भावांच्या नावावर आहे, धाकटा परदेशात आहे आणि सहा वर्षं बोलत नाही. त्यांना भाव नको होता. धाकट्याला न विचारता घर विकता येतं का, हे विचारायचं होतं, आणि ते थेट विचारायची लाज वाटत होती. मी सांगितलं, त्याच्या सहीशिवाय अख्खं घर विकता येणार नाही; तो येऊ शकत नसेल तर त्याचं मुखत्यारपत्र लागेल; बोलणंच बंद असेल तर आधी वकील गाठा, एजंट नंतर. तेवढंच. ते खूप वेळ गप्प होते. मग म्हणाले, “म्हणजे फोन करावाच लागणार त्याला.”

हे सांगायला मला कुठलीही पदवी लागली नाही. आपल्या टेबलावर रोज जे उघडं पडलेलं असतं त्यातलंच ते होतं.

काही वेळा तर तो तुमच्याच फायद्याचा फोन असतो आणि तुम्हाला पत्ता नसतो. एका मुलानं फोन करून विचारलं, “ते कोपऱ्यावरचं घर तुमच्याकडेच आहे ना? मग दुसऱ्या नंबरवरून त्याचं भाडं निम्मं का सांगतायत?” भाडं निम्मं ऐकून मला वाटलं, घासाघीस चाललीय. टीपी लिहिणारच होते. तेवढ्यात तो म्हणाला, “ते म्हणतायत आधी पैसे पाठवा, मग चावी.” आमच्या जाहिरातीतले फोटो जसेच्या तसे उचलून कोणीतरी खोटी जाहिरात लावली होती. ही फसवणूक सगळीकडे अशीच चालते. फोटो खरे, पत्ता खरा, भाडं मोहात पाडण्याइतकं कमी, मालक नेमका बाहेरगावी आणि पैसे मात्र आजच. तो मुलगा वाचला. आमचं नावही वाचलं. फोन ठेवण्याआधी ‘घर आणि मालकाची कागदं बघितल्याशिवाय कोणालाही पैसे पाठवू नका’ हे वाक्य मी पुढे प्रत्येकाला सांगायला लागले. त्याला सहा-सात सेकंद लागतात. घड्याळ लावून बघा.

या टीपी शब्दाशी माझं खरं वैर जुळलं ते मात्र एका जुन्या खटल्यामुळे. १९७८ साली अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात, रिचमंड शहराच्या उपनगरात, दोन जणांनी एकाच एजन्सीकडे वेगवेगळी चौकशी केली. सिल्व्हिया कोलमन कृष्णवर्णीय, केंट विलिस गोरे. घर दोघांनाही नको होतं. माणूस बघून एजन्सी उत्तर बदलते का, हे तपासण्यासाठी एका संस्थेनं त्यांना पाठवलं होतं. दाव्यात म्हटलं होतं, की कोलमन यांना जागा शिल्लक नाही असं सांगितलं गेलं आणि विलिस यांना आहे असं. प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. आता यांना घर घ्यायचंच नव्हतं तर यांचं नुकसान काय झालं, असं तुमच्याआमच्या मनात पहिल्यांदा येईल. १९८२ च्या निकालात न्यायालयानं म्हटलं, की १९६८ चा घरांविषयीचा कायदा वंशावरून ‘कोणत्याही व्यक्तीला’ जागा नाही असं खोटं सांगायला मनाई करतो. ती व्यक्ती घर घेणार होती की नव्हती, याला महत्त्व नाही. कोलमन यांना दावा चालवता येईल. विलिस यांना त्या मुद्द्यावर येणार नाही, कारण त्यांना खरं सांगितलं होतं.

आमच्या वहीच्या भाषेत दोघंही शंभर टक्के टीपी. बजेट नाही, इरादा नाही, तारीख नाही. तरी खरं ऐकण्याचा हक्क होता. हेवन्स रिअल्टी विरुद्ध कोलमन या नावानं तो खटला ओळखला जातो. आपल्या धंद्यातल्या प्रत्येक फोनशेजारी त्याचं नाव चिकटवून ठेवावं असं मला वाटतं, निदान कोणीतरी ‘हे काय?’ म्हणून विचारेल.

कारण आपल्याकडे नकार कधी उद्धट नसतो. तो गोड असतो. ‘अहो, ते आत्ताच गेलं हो.’ नाव सांगितल्यावर, आवाजातला हेल ऐकल्यावर, ‘मी एकटीच राहणार आहे’ म्हटल्यावर, ‘लहान मूल आहे’ म्हटल्यावर जे घर नेमकं आत्ताच जातं, ते दुपारच्या फोनला परत आलेलं असतं. मालकानंच तशी अट घातलीय, आम्ही काय करणार, हे मीही म्हटलंय. शंभर वेळा म्हटलंय. मालकाला ‘ही अट मी पाळणार नाही’ असं सांगणारा एजंट मी नऊ वर्षांत एकच पाहिला, आणि त्याचा धंदा काही बुडला नाही.

तुम्ही वाईट माणसं आहात म्हणून फोन कापता असं मला वाटत नाही. दोष स्वभावाचा कमी आणि दलालीच्या गणिताचा जास्त आहे. स्टीव्हन लेविट आणि चॅड सिव्हरसन या दोन अर्थतज्ज्ञांनी शिकागोच्या आसपासच्या जवळपास एक लाख घरविक्रीच्या नोंदी तपासल्या आणि २००८ मध्ये त्याबद्दलचा निबंध छापला. एजंट स्वतःचं घर विकतो तेव्हा ते सरासरी साडेनऊ दिवस जास्त थांबवून ठेवतो आणि तशाच दुसऱ्या घरापेक्षा सुमारे ३.७ टक्के जास्त किंमत मिळवतो, असं त्यांना दिसलं. कारण उघड आहे. स्वतःच्या घराची वाढलेली किंमत सगळी आपली. गिऱ्हाइकाच्या घराची वाढली तर आपल्याला त्यातला तुकडा. मग थांबायचं कशाला? फोनवरही हेच गणित चालतं. क्लोजिंग झालं तरच पैसे, म्हणून क्लोजिंगकडे न जाणारं प्रत्येक मिनिट घरातून गेल्यासारखं वाटतं. मला पगार होता, तरी ती धास्ती मलाही लागली होती. ती ऑफिसच्या हवेतच असते.

त्यावर धंद्यानं काय उपाय काढला? वेग. अमेरिकेत २०११ मध्ये छापलेल्या एका लेखात होतं, की चौकशी आल्यावर तासाभरात उलट फोन करणाऱ्या कंपन्यांचं गिऱ्हाइकाशी कामाचं बोलणं होण्याची शक्यता, त्यानंतर तासभर उशीर करणाऱ्यांच्या जवळपास सातपट होती. त्याच लेखासाठी पाहणी केलेल्या २,२४१ कंपन्यांपैकी २३ टक्के कंपन्यांनी तर उत्तरच दिलं नाही. हे आकडे आपल्या लोकांनी डोक्यावर घेतले. आता जाहिरातीवर बोट पडलं की दोन मिनिटांत फोन येतो, आणि फोनवरचा मुलगा दमही न घेता ‘सर बजेट काय आहे’ म्हणतो. धावायला शिकलो. पोचल्यावर ऐकायचं असतं, ते राहिलं.

प्रत्येकाला तासभर द्या, प्रत्येकाला साईट दाखवा, असं मी सांगत नाहीये. फुकट फिरायला म्हणून घरं बघणारी माणसं असतात. रात्री अकराला फोन करून भाव विचारणारी असतात. गिऱ्हाईक बनून तुमच्या मालकाचा नंबर काढू पाहणारे दुसरे एजंट असतात, आणि त्यांना मी आवाजावरून ओळखायचे. (त्यांची पहिली खूण म्हणजे ते कधीच ‘नमस्कार’ म्हणत नाहीत.) ‘नाही’ म्हणणं हीसुद्धा मदतच, फक्त ते खरं आणि लवकर असावं. ‘या पैशांत या भागात मिळणार नाही, पलीकडच्या भागात बघा, तिथलं काम आम्ही करत नाही, अमुक करतात’ या वाक्यानं माणसाचे दोन महिने वाचतात. आपण त्याऐवजी ‘बघतो, कळवतो’ म्हणतो आणि कळवत नाही. टांगून ठेवलेला तो माणूस दर चार दिवसांनी फोन करतो आणि आपण त्यालाच चिकट म्हणतो.

माझा हिशेब तीन मिनिटांचा होता. पहिलं मिनिट फक्त त्याचं, मधे बोलायचं नाही. हे सगळ्यात अवघड, जीभ नुसती वळवळते. दुसऱ्या मिनिटात एकच विचारायचं : “नेमकं काय अडलंय?” बजेट नंतर आपसूक कळतं. उरलेल्या वेळात आपल्याला माहीत असेल ते सांगायचं, नसेल तर कोणाकडे जायचं ते सांगायचं. बऱ्याच फोनांना तीन मिनिटंही लागली नाहीत. ऐकून घेतलेला माणूस लवकर फोन ठेवतो, हे मला त्या खुर्चीत बसूनच कळलं. ज्याचं तोडलं जातं तो पुन्हा पुन्हा करतो.

पण हे सगळं मी नवव्या वर्षी करत होते. दुसऱ्या वर्षातला एक फोन सांगते.

दुपारची वेळ. एक मुलगी, आवाजावरून विशी-बाविशीची. तिनं विचारलं, “लॉक-इन म्हणजे काय असतं?” भाड्यानं घर घेतलेलं, करारात बारा महिन्यांचं लॉक-इन, म्हणजे तेवढे महिने घर सोडायचं नाही अशी अट, आणि नोकरीमुळे चौथ्याच महिन्यात गाव सोडावं लागत होतं. “माझं सगळं डिपॉझिट जाईल का?” घर आमच्याकडून घेतलेलं नव्हतं. मी म्हटलं, “ज्यांच्याकडून घेतलंत त्यांना विचारा.” ती म्हणाली, “ते फोन उचलत नाहीत.” मी म्हटलं, “मग त्याला मी काय करणार?” ती “बरं” म्हणाली. फोन ठेवला.

मला काय काय माहीत होतं ते आता लिहिते. लॉक-इन मोडलं तर डिपॉझिट जातं की उरलेल्या महिन्यांचं भाडं द्यावं लागतं, हे प्रत्येक करारात वेगळं लिहिलेलं असतं, आधी ते कलम वाचायचं. निघायचं ठरलंय तर आजच्या आज मालकाला लेखी कळवायचं, तारीख घालून. आणि मालकाला रिकामं घर नको असतं; बदली भाडेकरू आणून दिला तर बरेच मालक नमतं घेतात. त्याच भागात तसलंच घर शोधणारे तीन जण माझ्याच वहीत, दोन पानं मागे, ‘गरम’ म्हणून लिहिलेले होते. मी पान उलटलं असतं तर. मी तिचं नावसुद्धा विचारलं नव्हतं. नावाच्या रकान्यात आडवी रेघ आहे, नंबराच्या रकान्यात आडवी रेघ आहे, आणि शेवटी माझ्या वळणदार अक्षरात टीपी.

मी नोकरी सोडली त्या सुमारास ऑफिसात सॉफ्टवेअर आलं. वह्या पोत्यात भरून माळ्यावर गेल्या. स्क्रीनवर आता शेऱ्याच्या जागी एक यादी उघडते : हॉट, वॉर्म, कोल्ड, जंक. यातलं एक निवडल्याशिवाय पुढचा फोन घेता येत नाही. म्हणजे आमच्या काळात निदान पेन उचलून लिहावं तरी लागायचं. आता बोट टेकलं की माणूस कचरा.

तेव्हा मागणं एवढंच आहे. तुमच्यापैकी ज्यांच्या हातात ते सॉफ्टवेअर आहे, त्यांनी त्या यादीतला शेवटचा शब्द काढून टाकावा. आणि शेऱ्याच्या आधी एक रकाना वाढवावा, भरल्याशिवाय पुढे जाता येणार नाही असा : ‘आपण काय सांगितलं?’

आमच्या वहीत तो नव्हता.

तुमचीच,
फोनशेजारच्या खुर्चीतली एक